माझंच चुकलं



गेला महिनाभर काही लिहिलं नाही, कारण वाचत होते. काय वाचत होते ते सांगितलं तर हसाल. माझ्या लेकीच्या जुन्या वह्या!

झालं असं, की धाकटीने पुण्यातलं घर बदललं. सामान हलवताना एक खोका इकडे साताऱ्याला आणून टाकला आणि म्हणाली, "आई, यात नुसत्या वह्या आहेत. रद्दीवाला आला की देऊन टाक." मोजल्या, तर सव्वीस निघाल्या. २००४ ते २०१९. मी छत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत, त्यामुळे लिहिलेली वही न उघडता तराजूत टाकणं माझ्याच्याने होणार नव्हतं. पण दुसऱ्याचं लिखाण ते दुसऱ्याचंच, पोटची पोर असली म्हणून काय झालं. फोन करून विचारलं, "वाचू का गं?" तर म्हणाली, "वाच की. काही समजलं तर मलाही सांग."

धाकटी वेब डिझायनर आहे. म्हणजे नक्की काय करते हे मला फार वर्षं धड सांगता येत नसे. कुणी विचारलं की मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" असं म्हणून विषय संपवत असे. थोरला इंजिनिअर, त्याचं काम सांगायला सोपं. हिने उपयोजित कलेचा अभ्यास केला तेव्हाच आमचे हे म्हणाले होते, "पाट्या रंगवणार का?" आणि मीही हसले होते. एकदा तिने मला समजावलं होतं: "आई, वर्तमानपत्राचं पान लावतात ना, मथळा कुठे, फोटो कुठे, अक्षर केवढं? तसंच पडद्यावरचं पान लावायचं. फरक एवढाच, की वर्तमानपत्राचा कागद सगळ्यांकडे सारखा असतो. माझा कागद ज्याच्या त्याच्या हातात वेगळ्या मापाचा." हे मला तेव्हा पटलं, पण समजलं म्हणाल तर आत्ता, वह्या वाचताना.

पहिल्या वह्यांत नुसती आकडेमोड आहे. पडदा ८०० बाय ६००. चित्राचं वजन कमी ठेवणे, लोकांकडे फोनच्या तारेवरचं इंटरनेट आहे, पान उघडेपर्यंत माणूस चहा करून येतो. मराठीबद्दल मात्र बरंच लिहिलंय. तुमच्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल, तेव्हा प्रत्येक मराठी वर्तमानपत्राचा फॉन्ट वेगळा, तो आधी उतरवून घ्यायचा, नाहीतर पडद्यावर नुसती चिन्हांची भेळ. मग युनिकोड आलं आणि 'मंगल' फॉन्टवर सगळ्यांचं भागायला लागलं. तो 'मंगल' र. कृ. जोशींच्या हातचा, हे मला या वहीतून कळलं. मला ते कवी म्हणून ठाऊक होते. २००८ साली ते गेले, तेव्हा हिने वहीचं एक अख्खं पान नुसतं 'अ' काढून भरवलं आहे. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही.

एका ठिकाणी मोठ्या अक्षरात लिहिलंय: "शिरोरेघ तुटली!!" झालं होतं असं, की कुणा गिऱ्हाइकाला इंग्रजी मथळ्यासारखी अक्षरं लांब लांब हवी होती. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, दोन अक्षरांत अंतर वाढवलं तरी बिघडत नाही. मराठीत तेच केलं की वरची रेघ मधेमधे तुटते. हिने लिहिलंय, "वाळत घातलेले कपडे दोरी तुटून खाली पडल्यासारखे दिसतात." वाचून मी एकटीच हसले. पण गिऱ्हाईक ऐकेना. तीन दिवस वाद. शेवटी हिने दोन्ही नमुने छापून त्याच्या आईला दाखवायला सांगितले आणि आईने निकाल दिला. (आया बऱ्याच कामाला येतात.)

२००९ च्या वहीत मी स्वतः आहे, तीही जाणकार म्हणून! त्या वर्षी ६ नोव्हेंबरला महाराष्ट्र शासनाचा मराठी वर्णमालेचा निर्णय निघाला. मराठीचा ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त लिहायचा, हिंदी वळणाचे दंडयुक्त ल आणि गाठयुक्त श नकोत. मी त्याच वर्षी निवृत्त झाले होते, पण अशा बाबतीत शिक्षक निवृत्त होत नसतो. तिने फोन करून विचारलं होतं आणि मी अर्धा तास बोलले होते म्हणे. नोंद अशी: "आईने ल शिकवला. वय वर्षे २७." पुढे तिची अडचण लिहिली आहे. संगणकाच्या पोटात मराठी ल आणि हिंदी ल यांचा क्रमांक एकच, रूपं तेवढी दोन. म्हणून फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असावी लागतात आणि शिवाय पानालाही आधी सांगावं लागतं, की बाई गं, तू मराठी आहेस. नाही सांगितलं तर ते आपलं हिंदी वळण गिरवतं.

आता परिषदांचं. या लोकांच्या परिषदा म्हणजे काय असतं याची मला उत्सुकता होती, कारण माझा अनुभव साहित्य संमेलनाचा. १९९३ साली साताऱ्यात ६६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, विद्याधर गोखले अध्यक्ष होते. आम्हा शिक्षिकांना स्वयंसेविका म्हणून घेतलं होतं आणि माझ्या वाट्याला भोजनाची कुपनं आली. त्यामुळे माझं संमेलन म्हणजे अर्धं भाषण कानावर आणि "ताई, आमचं एक कुपन कमी आहे" हे पूर्ण. धाकटीच्या नोंदी वाचल्यावर कळलं, जगभर तसंच चालतं. व्याख्यानावर चार ओळी आणि चहाच्या वेळेत कोण काय बोललं यावर दोन पानं.

मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसीने २००८ साली 'टायपोग्राफी डे' नावाचा मेळावा सुरू केला. म्हणजे अक्षरांचं संमेलनच. २०१३ साली तो गुवाहाटीच्या आयआयटीत होता. धाकटी तिकडे रेल्वेने गेली, कारण विमानाचे पैसे नव्हते. नोकरी नुकतीच सोडली होती आणि ते आम्हाला सांगितलं नव्हतं. (ते मला आत्ता, वहीतून कळलं. असो.) गाडीत वाचायला मी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' दिला होता. दोन दिवसांच्या प्रवासात तिने काय केलं असेल, तर स्टेशनांच्या पाट्या उतरवून घेतल्या. नाशिक, मनमाड, भुसावळ, पुढे जबलपूर, बिहार, न्यू जलपाईगुडीला बंगाली, मग असमिया. प्रत्येक पाटीवरचं अक्षर पेन्सिलीने काढलंय. बंगाली आणि असमिया लिप्या आपल्याला एकसारख्याच दिसतात, पण बंगाली र च्या खाली टिंब असतं आणि असमिया र च्या पोटात तिरकी रेघ. तिथे समासात लिहिलंय, "हा यांचा ल!" एवढंच. मला लगेच कळलं.

आणि त्याच पानाच्या तळाशी: "गोडसे भटजी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी आले. मी काय नेणार? पाट्या." पहाटे सराईघाटच्या पुलावरून गाडी ब्रह्मपुत्रा ओलांडत असताना हे लिहिलंय. अक्षर हललेलं आहे. पुलामुळे असेल.

परत आल्यावर मी तिला काय विचारलं होतं ते मात्र मला चांगलं आठवतं. "कामाख्येला जाऊन आलीस ना?" नव्हती गेली. त्यावरून मी बोलले होते.

२०१६ साली ती जर्मनीत ड्युसेलडॉर्फला गेली. परिषदेचं नाव 'बियॉन्ड टेलररांड', म्हणजे ताटाच्या काठापलीकडे. आपण कूपमंडूक म्हणतो ना, तसं ते लोक आपल्या ताटाच्या काठापलीकडे बघावं असं म्हणतात. तिथल्या व्याख्यानांच्या नोंदी मला फारशा कळल्या नाहीत. एक कळली. सगळ्या मापांच्या पडद्यांवर एकच पान नीट बसायला हवं, या विचाराची. जॉन ऑलसॉप नावाच्या गृहस्थाने २००० सालीच सांगून ठेवलं होतं, की पडद्याचं पान म्हणजे छापील पान नव्हे, त्याच्यावर हुकूम गाजवू नका. २०१० च्या मे महिन्यात ईथन मार्कॉटने ते प्रत्यक्ष कसं करायचं हे लेखात दाखवलं. त्याला 'रेस्पॉन्सिव्ह' म्हणतात. धाकटीने त्याचं मराठी असं केलंय: "पंगत. मांडव मोठा असेल तर तीन रांगा बसवायच्या, ओसरी असेल तर एकच. वाढायचं तेच, क्रम तोच." मी तिची आई म्हणून सांगत नाही, पण इतकं सोपं करून मला वर्गात क्वचितच सांगता आलं असेल.

परिषद झाल्यावर ती माइन्झला गुटेनबर्गचं संग्रहालय बघायला गेली. पंधराव्या शतकाच्या मध्यावर छापलेलं ते बायबल, पानाला दोन रकाने, रकान्याला ४२ ओळी. त्यापुढे लिहिलंय: "साडेपाचशे वर्षांनंतर शाई काळीभोर. मी २००५ साली केलेलं एकही पान आज कुठेही नाही. आई म्हणते तेच खरं. वाळूवरची रेघ."

मंडळी, हे मी कधी म्हटलं ते मला आठवत नाही. पण म्हटलं असणार. हे माझंच वाक्य आहे, माझ्याच तोंडचं. २००९ साली जिओसिटीज बंद झालं आणि लोकांनी हौसेने केलेली असंख्य पानं एका रात्रीत गेली, त्या सुमारास ती घरी आली होती, फार उदास होती. तेव्हाच कधीतरी मी शहाणपणा शिकवला असणार, की असल्या कामाला काय अर्थ, पुस्तक असतं तर राहिलं असतं. पुढे २०२० च्या डिसेंबरात फ्लॅश नावाचा प्रकारही बंद झाला. तिचं सुरुवातीचं सगळं काम त्यातलं होतं. तेव्हा ती मला काही बोलली नाही. बोलणार कशी?

मी ते वाक्य बोलून विसरून गेले आणि ती ते जर्मनीपर्यंत घेऊन गेली!

दोन दिवस वह्या बंद ठेवल्या. मग पुन्हा उघडल्या, कारण वाचनाच्या नोंदी बाकी होत्या आणि पुस्तकांची मला भूक आहे. बापूराव नाईकांच्या 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी'वर (१९७१) जवळजवळ एक अख्खी वही आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी सवडीने लिहीन. आज सांगायचंय ते दुसऱ्याच पुस्तकाबद्दल.

डोनाल्ड नॉर्मन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांचं रोजच्या वापरातल्या वस्तूंबद्दलचं पुस्तक १९८८ साली आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दार ढकलायचं असताना आपण ओढतो आणि मग ओशाळतो. पण ढकलायच्या दाराला ओढायची मूठ लावली कुणी? शेगडीचं कुठलं बटण कुठल्या बर्नरचं हे रोज स्वयंपाक करणारीलाही चटकन कळत नसेल, तर खोट शेगडीच्या घडणीत आहे. माणूस मात्र बिचारा स्वतःलाच वेंधळा म्हणत राहतो. वाचता वाचता मी उठून आमच्या शेगडीकडे बघून आले. चार बर्नर, चार बटणं एका रांगेत. सोळा वर्षं झाली घेऊन, अजून मी वाकून बघते.

या नोंदींच्या पुढची वही २०१८ ची. त्यात मधेच एक तक्ता आहे. वर लिहिलंय: "चाचणी ३. स्त्री, वय ६७. निवृत्त शिक्षिका, मराठी माध्यम. चष्मा. स्मार्टफोन चार वर्षं. बँकेचे व्यवहार पूर्वी पती करत."

अर्धं पान वाचेपर्यंत मला कळलं नाही, की ही बाई मी आहे.

तो दिवस मला आठवतो. आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली होती. धाकटी एका पतसंस्थेचं काम करत होती. ठेवीचं नूतनीकरण घरबसल्या करता यावं असं मराठी पान होतं. ते आधी दुसऱ्या कुणीतरी केलेलं होतं आणि हिला सुधारायला दिलं होतं. ती म्हणाली, "आई, जरा हे भरून बघ. मी बाजूला बसते, पण काही सांगणार नाही." मला वाटलं, त्यात काय एवढं! शाळेचे पटाचे तक्ते मी एकटी भरत असे.

मंडळी, पाऊण तास लागला. आणि ठेव काही नूतन झाली नाही. पहिल्यांदा नाव. तीन चौकोन. मी पहिल्यात पूर्ण नाव लिहिलं. मग एक आकडा फोनवर येणार, तो चष्मा लावून वाचून लिहीपर्यंत त्याची वेळ संपली. दुसऱ्यांदा तसंच. मग वेडीवाकडी अक्षरं ओळखा म्हणाले, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करायला. सगळं करून खाली आले तर 'पुढे' आणि 'रद्द करा' शेजारी शेजारी, एकाच रंगाचे, एकाच मापाचे. मी 'रद्द करा' दाबलं. पुन्हा पहिल्यापासून. मग पानावर काहीच हलेना. तर चूक काय झाली ते पानाच्या अगदी वर तांबड्या अक्षरांत आलं होतं आणि मी होते तळाशी. वर जाऊन वाचलं: "अवैध माहिती."

आता अवैध हा शब्द आम्ही कुठे वाचतो? अवैध वाळूउपसा, अवैध दारूविक्री. माझ्या छातीत धस्स झालं. नवऱ्याच्या पश्चात त्याची ठेव हलवताना आपल्या हातून काही बेकायदा झालं की काय! मी फोन खाली ठेवला आणि उठून देवापाशी दिवा लावला. ती काहीच बोलली नाही, वहीत लिहीत बसली होती. मला तिचा राग आला होता. परीक्षेला बसवून पर्यवेक्षक गंमत बघतोय तसं वाटलं.

ती काय लिहीत होती ते आता माझ्यासमोर होतं.

"तीन नावांचे चौकोन: एकच करा. आकड्याची वेळ वाढवा. 'रद्द करा' लांब आणि लहान. चूक जिथे झाली तिथेच दाखवा. 'अवैध' काढा. 'जन्मतारीख अशी लिहा' असं सांगा. आई घाबरली." आणि त्याखाली रेघ मारून: "'माझंच चुकलं' असं म्हणाली: ११ वेळा. खरोखर तिचं चुकलं: ० वेळा."

अकरा वेळा! मला एकही आठवत नाही.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला बरं वाटलं, डोळ्यांत पाणीही आलं, की पोरीने मोजलं म्हणून. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली आणि "माझंच चुकलं" हे कानात घुमायला लागलं. तेव्हा आवाज माझा नव्हता. एका मुलाचा होता. "चुकलं, बाई."

१९८४ साल. कोरेगाव तालुक्यातली आमची शाळा. आठवीत एक मुलगा होता, नाव सांगत नाही. कविता एकदा ऐकली की तोंडपाठ. पंधरा कडव्यांचा पोवाडा खडखडीत आवाजात म्हणायचा, अंगावर काटा यायचा. पण पुस्तक हातात दिलं की त्याचा घाम फुटे. घ चा ध, भ चा म, थ चा य. शब्दातली अक्षरं पुढची मागे. फळ्यावरचं उतरवून घ्यायला अख्खा तास लागे. मला वाटायचं, एवढी पाठांतराची बुद्धी आहे, म्हणजे वाचायचा आळस आहे, दुसरं काय? प्रत्येक चुकलेला शब्द मी त्याला शंभर वेळा लिहायला लावत असे. तो लिहून आणायचा. शंभरच्या शंभर चुकीचे. मग वर्गासमोर उभा करायची. पुढे पुढे तर मी त्याच्या बाकाजवळ नुसती थांबले तरी, काही विचारायच्या आधीच तो उठून म्हणायचा, "चुकलं, बाई." पोरं हसायची. मला वाटायचं, उद्धटपणा करतोय.

नववीत नापास झाला आणि शाळा सोडली.

२००७ साली 'तारे जमीन पर' आला. आम्ही सगळ्या शिक्षिका मिळून बघायला गेलो होतो आणि रुमाल भिजवून आलो. तो मुलगा तेव्हा आठवला नाही असं कसं म्हणू? आठवला. पण "आमच्या वेळी हे असलं काही कुणाला ठाऊक होतं?" असं सगळ्याच म्हणत होतो, त्यात मीही म्हणाले आणि सुटले. खोटं नाहीच ते. बी.एड.ला आम्हाला कुणी हे शिकवलं नव्हतं.

पण धाकटीला तरी कुठे कुणी शिकवलं होतं, की आपल्या आईच्या चुका मोजाव्यात आणि शून्य लिहावं? ती नुसती बाजूला बसून बघत होती, बोट कुठे थांबतं ते. मी शिक्षिका म्हणून एक गोष्ट मानत असे: अर्ध्या वर्गाचं गणित चुकलं तर शिकवणाऱ्याचं चुकलं, धडा पुन्हा घ्यायचा. अनेकदा घेतलाही. पण एकाचंच चुकत असेल तर ते त्या एकाचं, हेही तितकंच मानत होते. स्टीव्ह क्रुग म्हणून एकजण आहेत, त्यांच्या पुस्तकाच्या नोंदीत वाचलं, की एका माणसावर चाचणी घेणं हेदेखील कुणावरच न घेण्यापेक्षा शंभर टक्के बरं. एक माणूस अडखळला, तर तो का अडखळला ते शोधा. माझ्याकडे तो एक माणूस वर्षभर रोज समोर उभा होता.

तो आता पंचावन्नच्या घरात आहे. कोरेगाव रस्त्याला त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, चांगलं चालतं. दर दिवाळीला घरी येऊन पाया पडून जातो. या दिवाळीपर्यंत थांबावं असं वाटेना. परवा रिक्षा करून गेले. मला बघून लगबगीने हात पुसत आला, खुर्ची मागवली, चहा सांगितला. म्हणाला, "बाई, निरोप द्यायचा, मीच आलो असतो की."

मी म्हटलं, "आठवीत मी तुला शब्द शंभर शंभर वेळा लिहायला लावायची. आठवतं का?"

"न्हाय बा. लय वर्षं झाली की त्याला."

त्याने इतक्या चटकन उत्तर दिलं, की मला कळलं, त्याला आठवतं. मी म्हटलं, "ते चुकलं माझं. तुझं काही चुकत नव्हतं." तो हातातलं फडकं चोळत राहिला. मग म्हणाला, "बाई, चहा घ्या, निवतोय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला, कुणाचा तरी निरोप. त्याने तो कानाला लावून ऐकला आणि फोन तोंडाजवळ धरून बोलूनच उत्तर पाठवलं. मी बघत होते. माझ्या लक्षात आलंय हे त्याच्या लक्षात आलं. हसून म्हणाला, "हे बरं झालं बघा. आता बोलल्यालं जातंय. आधी पोराकडनं वाचून घ्यायचो."

रिक्षात बसवून द्यायला रस्त्यापर्यंत आला. पैसे मला देऊ दिले नाहीत.

काल धाकटी आली होती. खोका तसाच बघून म्हणाली, "अजून रद्दी गेली नाही?" म्हटलं, "नाही जाणार." म्हणाली, "वाचल्यास का सगळ्या?" म्हटलं, "सगळ्या. २०१८ ची दोनदा." ती काही बोलली नाही. जरा वेळाने मी म्हटलं, "वाळूवरची रेघ असं मी कधी म्हणाले होते गं?" ती म्हणाली, "जाऊ दे ना आई, किती वर्षं झाली." आणि चहा टाकायला आत गेली. आतून आवाज आला, "आई, डाव्या बाजूच्या मागच्या बर्नरचं बटण कुठलं?"